तोतारामभाऊंचे खडस

तोताराम दूधवाल्याच्या मोटारसायकलला तीन कॅन लटकलेले असत, आणि आमच्या गल्लीचा सगळा संशय त्यातल्या तिसऱ्यावर होता.

सकाळी पावणेसातला ते पिंपरझिऱ्याहून यावलला यायचे तेव्हा दोन कॅन दुधाने भरलेले असत. तिसरा, ठिकठिकाणी पोचे पडलेला, रिकामा असे. तो कधी उघडायचा नाही, त्यातून कधी माप भरायचं नाही. कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "परतीना कामना शे," आणि पुढच्या दाराकडे वळायचे. आमच्या शेजारचे गिरधर नाना एकदा एसटीने पिंपरझिऱ्याकडे एका बारशाला निघाले होते. धरणाच्या पायथ्याशी बस वळली तेव्हा त्यांनी खिडकीतून पाहिलं, की तोताराम गुडघाभर पाण्यात उभा आहे आणि त्या तिसऱ्या कॅनमध्ये नदीचं पाणी भरतोय. बारशाचं जेवण नानांना गोड लागलं नाही. संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीभर झाली आणि दुसऱ्या दिवशी नानांनी दूध बंद केलं.

मी तेव्हा हायस्कूलला विज्ञान शिकवत होतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला लॅक्टोमीटर घरी आणून मी सात दिवस दूध तपासलं. दूध चोख निघालं. तरी माझ्या मनातलं काही गेलं नाही. यंत्राला कळणार नाही अशी पाणी घालण्याची काही युक्ती या माणसाला सापडली असेल, असं मला वाटत राहिलं. मी लॅक्टोमीटर बुडवत असताना तोतारामभाऊ दारात उभे होते. रागावले नाहीत. आवडत नसेल तर बंद करा गुरुजी, एवढंच म्हणाले.

हा माणूस मूळचा यावलचा नव्हे. धुळे जिल्ह्यात, शिरपूरच्या बाजूला त्यांच्या वडिलांची थोडी शेती होती. तीन भावांत ती पुरेना, म्हणून तोतारामभाऊ दगडकाम शिकले आणि ऐन तिशीत, पंचवीसेक वर्षांपूर्वी, आमच्याकडच्या मांजणी नदीवर धरण बांधायच्या कामावर आले. मांजणी म्हणजे सातपुड्यातून उतरून तापीला मिळणारी लहानशी नदी. धरणही लहानच. मातीची लांब भिंत, आणि डाव्या अंगाला खडकात कोरलेला सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर काढायची वाट. त्या सांडव्याच्या दगडी कामावर तोतारामभाऊ दोन वर्षं होते. मुक्काम वरच्या बाजूच्या पिंपरझिऱ्यात, एका केळीवाल्या शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारी. त्या शेतकऱ्याची एकुलती एक मुलगी भिकुबाई. धरण पुरं झालं तेव्हा बाकीचे मजूर निघून गेले, आणि तोतारामभाऊ त्या घरचे जावई होऊन राहिले. सासऱ्यांनी त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ घातली, दोन म्हशी दिल्या. तेव्हापासून मासमच्छी बंद आणि दुधाचा धंदा सुरू.

भिकुबाईंच्या गावात येऊन वीस-बावीस वर्षं झाली तरी त्यांची बोली काही बदलली नाही. गिऱ्हाइकांशी बोलताना मात्र ते शब्द मोजून बोलायचे, त्यामुळे हा माणूस काहीतरी लपवतो असं लोकांना जास्तच वाटायचं. आणि खरं सांगायचं तर ते लपवतच होते.

आता नूतनकडे येतो. नूतन माझी विद्यार्थिनी. दहावीला असताना प्रश्न विचारून विचारून मला दमवणारी. पुढे जळगावला विद्यापीठात गेली आणि माशांवर संशोधन करू लागली. तिचा मासा होता खडस. मोठ्या खवल्यांचा, तांबूस कल्ल्यांचा, पाण्याच्या धारेविरुद्ध पोहायला भिणार नाही असा. एरवी तो खालच्या खोल पाण्यात राहतो आणि पावसाळ्यात अंडी घालायला वरच्या ओढ्यांत, वाळू-गोट्यांच्या उथळ पाण्यात जातो. मध्ये धरण आलं की जाणं बंद. खालचे मासे खाली, वरचे वर. अशा वेळी दोन्हीकडच्या माशांच्या रक्तात काय फरक पडत जातो, हे तिला शोधायचं होतं. कामासाठी मांजणी निवडली म्हणून ती आमच्याच घरी राहायला आली. झुलाल भोई तिला मासे धरून द्यायचा. ती माशाच्या पराचा, म्हणजे पोहायच्या पंखाचा, नखाएवढा तुकडा कापून स्पिरिटच्या बाटलीत ठेवायची आणि मासा पुन्हा पाण्यात सोडायची. खालच्या माशांच्या पाठीवर ती एक बारीक पिवळी खूणही अडकवायची, तिच्यावर क्रमांक असायचा. आमच्या ओसरीवर त्या बाटल्यांचे डबे रचलेले असत.

माझी बायको मोहिनी हिला हे सगळं आधी विचित्र वाटलं. तेव्हा नूतनने तिला केळीच्या बागेवरून समजावलं. आमच्याकडे सगळ्यांना ते लगेच कळतं. टिश्यूकल्चरची केळी लावली की बागेतलं प्रत्येक झाड दुसऱ्याची हुबेहूब नक्कल असतं. घड सारखे, वाढ सारखी, पण एका झाडाला जो रोग मारतो तो सगळ्या बागेला मारतो, कारण त्यातून वाचेल असं वेगळं झाडच बागेत नसतं. धरणाच्या वर अडकलेल्या थोड्याशा माशांचं हळूहळू तसंच होतं. पिढ्यान्‌पिढ्या आपसातच सोयरीक. वीस वर्षांत सगळे एकमेकांचे चुलत-मावस होऊन बसतात. बाहेरून कुणी आलं नाही तर रक्तातला वेगळेपणा आटत जातो, आणि मग एक वाईट वर्षही पुरतं.

हे ती सांगत होती तेव्हा तोतारामभाऊ दारात माप भरत होते. मोहिनीच्या आठवणीप्रमाणे, त्या दिवशी ते नेहमीपेक्षा बराच वेळ थांबले.

पहिल्या वर्षाचे निकाल आले आणि नूतनची झोप उडाली. डोंगरापलीकडच्या दुसऱ्या नदीवर असंच, त्याच सुमाराचं धरण होतं. तिथले वरचे मासे तिच्या अंदाजाप्रमाणेच निघाले, वेगळेपणा निम्म्यावर आलेला. मांजणीत मात्र वरचे आणि खालचे जवळजवळ सारखे. वर पकडलेल्या काही पिल्लांची तर आई खालच्या पाण्यातली होती. तिने पुन्हा नमुने घेतले, पुन्हा तेच. मत्स्यखात्याने वर पिल्लं सोडली असतील म्हणून चौकशी केली, तर खात्याने कधी सोडले ते रोहू-कटला, खडस नाही. मग दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात झुलालने धरणाच्या वर एक मासा धरला, त्याच्या पाठीवर पिवळी खूण होती. क्रमांक एक्केचाळीस. जुलैत तो तिने स्वतः धरणाच्या खाली सोडला होता.

जळगावच्या तिच्या मार्गदर्शक सरांचा फोन आला तो एका सोमवारी सकाळी. सर मोकळे आणि प्रेमळ, पण त्यांचं म्हणणं एकच होतं. मासा भिंत चढत नाही, तेव्हा बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांची कुठेतरी अदलाबदल झाली आहे आणि खूणही खालची समजून चुकून वर बांधली गेली आहे. दोन्ही वर्षांचे नमुने बाजूला ठेवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. नूतनने फोन ठेवला आणि ओसरीच्या पायरीवर बसली. रडली नाही. मोहिनीने विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं, अगदी शांतपणे, आणि ते शांतपण बघवत नव्हतं.

दारात तोतारामभाऊ आमच्या पातेल्यात दूध ओतत होते. पातेलं भरलं, काठावरून वाहिलं, पायरीवर ओघळलं, तरी त्यांचा हात थांबेना. मोहिनीने हाक मारली तेव्हा ते भानावर आले. कॅन खाली ठेवला, डोक्यावरची टोपी काढली.

"ताई, तुन्या चिठ्ठ्या बराबर शेतस," ते म्हणाले. "त्या मासा मीच वर लई जास."

कुणाला काही कळलंच नाही. नूतन पायरीवरून उठली. मग तिने विचारलं, "भाऊ, पिवळी खूण असलेला कधी नेला होता का?"

चार नेले होते, ते म्हणाले. कुणीतरी नवस बांधला असेल असं समजून त्यांनी त्या खुणांना हात लावला नव्हता. त्यातल्या एकाची शेपटी डाव्या बाजूने फाटलेली होती. नूतनने वही उघडली. एक्केचाळीस क्रमांकाच्या समोर तिनेच लिहून ठेवलं होतं, शेपटी डावीकडे फाटलेली. तिने वही मिटली आणि पहिल्यांदाच हसली.

मग सगळं बाहेर आलं. तेव्हा थोडं आणि पुढे पिंपरझिऱ्याला भिकुबाईंकडून बाकीचं.

धरण पुरं झाल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात सांडवा वाहू लागला, तशी तोतारामभाऊंना आपलं काम पाहायची हौस वाटली. भिकुबाईंना सातवा महिना होता, त्याही सोबत आल्या. सांडव्याची वाट दीडशे पावलं तशी सौम्य उताराची, पण मध्ये दोन ठिकाणी पुरुषभर उंचीचे उभे टप्पे. त्या खालच्या टप्प्याशी मोठाले मासे उड्या मारत होते. उडी मारायची, दगडावर आपटायचं, खाली पडायचं, पुन्हा उडी. काहींच्या तोंडाला जखमा झाल्या होत्या. हे मासे दरवर्षी तापीतून येऊन आपल्या गावच्या वरच्या वाळूत अंडी घालतात, हे भिकुबाई लहानपणापासून बघत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, की ही मासोळी बाळंतपणाला माहेरी निघाली आहे आणि तुम्ही दार लावून घेतलं.

तोतारामभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी यावलहून रिकामे कॅन घेऊन परतताना ते टप्प्याशी थांबले. पाणी ओसरून खड्ड्यात अडकलेले दोन खडस त्यांनी ओल्या उपरण्यात धरले, कॅनमध्ये पाणी भरून त्यात सोडले आणि वर गावाजवळ, नदी धरणाच्या पाण्यात शिरते तिथे, नेऊन सोडून दिले. घरी गेल्यावर भिकुबाईंनी तो कॅन हुंगला आणि उंबऱ्याबाहेर ठेवला. राखेने सात वेळा घासला तरी तो पुन्हा दुधाला लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. अशा रीतीने तिसरा कॅन जन्माला आला. त्यानंतर एकही पावसाळा चुकला नाही. सांडवा वाहत असेल त्या काळात, आठवड्यातून दोन-तीनदा, एका वेळी दोन, फार तर तीन मासे.

मी त्यांना विचारलं, की पाणी घालतो असा आळ इतकी वर्षं सोसला, त्यापेक्षा सांगून का टाकलं नाही. ते म्हणाले, तुमच्या गल्लीत निम्मी घरं माळकऱ्यांची. दुधात पाणी आहे म्हटलं तर लोक भांडतात आणि तरी घेतात. दुधाच्या गाडीवर मासे बसतात म्हटलं असतं, तर एका दिवसात धंदा संपला असता. मग मासे न्यायचंच का नाही सोडलं, असं नूतनने विचारलं. त्यावर त्यांना उत्तर शोधावं लागलं नाही.

"भित मी बांधेल शे. मंग वाट कोन दी?"

नूतनने त्यांचं नाव कुठेही येऊ देणार नाही असा शब्द दिला. पण आता एका दारात बोलून झालं होतं आणि अर्धवट बोलणं त्यांना जमेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येक घरी दूध घालताना टोपी काढून तीच गोष्ट सांगितली. तिसरा कॅन उघडून दाखवला. तळाशी वाळू आणि दोन-चार खवले. त्या दिवशी तीन घरांनी दूध बंद केलं. भिकुबाई घरी हिशोबाला लागल्या, म्हशी किती ठेवायच्या त्याच्या.

चौथ्या दिवशी गिरधर नाना आमच्या ओट्यावर येऊन बसले. तोतारामभाऊ आल्यावर त्यांनी तिसरा कॅन उतरवून घेतला, आत पाहिलं, वास घेतला, मग दुधाच्या कॅनचा वास घेतला. गल्लीतले आठ-दहा जण जमले होते.

"म्हंजे इतकी वर्सं तू दुधात पानी घालतच नव्हता," नाना म्हणाले.

"नही नाना."

नानांनी दुधाच्या कॅनचं झाकण लावलं. नऊ वर्षं त्यांनी डेअरीच्या पिशवीचा चहा प्यायला होता. मग त्यांनी घरात आवाज दिला आणि दोन लिटरचं भांडं मागवलं. माळकऱ्याने जीव वाचवला यात विटाळ कसला, असं ते जमलेल्यांना सांगू लागले, आणि इतकं जोरात सांगू लागले की बंद केलेल्या तीन घरांनाही ते ऐकू गेलं. त्यातली दोन घरं आठवड्याभरात परत आली.

जळगावच्या सरांना पटायला मात्र महिना लागला. त्यांनी संगणकावर हिशोब मांडला, की वरच्या माशांमध्ये एवढा वेगळेपणा टिकायचा तर दरवर्षी खालून किती मासे वर यायला हवेत. आकडा आला वीस ते तीसच्या मध्ये. मग ते स्वतः पिंपरझिऱ्याला आले, सोबत नूतन आणि मी. त्यांनी तोतारामभाऊंना विचारलं, तर त्यांनी कधी मोजलेच नव्हते. भिकुबाईंनी चुलीपुढून सांगितलं, बऱ्या पावसाच्या वर्षी पंचवीस-तीस, नाहीतर पंधरा-वीस. सर बाजेवरून उठून चुलीपाशी गेले आणि तिथेच पाटावर बसून त्यांनी बाकीचे प्रश्न विचारले.

त्या दिवशी जेवताना तोतारामभाऊंना नवी कल्पना सुचली. शिरपूरकडच्या नदीत फार मोठे खडस पाहिल्याचं त्यांना आठवत होतं. त्यातले चार-दोन आणून इथे सोडले तर रक्त अजून सुधारेल. नूतनने घाईघाईने नको म्हटलं. प्रत्येक नदीच्या माशाची त्या पाण्याशी जुळणी झालेली असते. परक्या नदीचा आणून मिसळला तर ती बिघडू शकते, रोगही येऊ शकतो. तुमचं काम बरोबर ठरलं ते याच नदीचे मासे याच नदीत नेले म्हणून, असं तिने समजावलं. त्यांनी मान डोलावली. खरं तर त्यांना ते दोन दिवस पटलं नव्हतं, हे मला मागाहून कळलं.

पण त्याच जेवणात दुसरी गोष्टही निघाली आणि ती कामाची ठरली. माशांना चढायला जिना करतात, असं सर सांगत होते. मोठ्या धरणाला फार खर्चाचं काम. तोतारामभाऊंनी ताटातला भात बाजूला सारून डाळीच्या पाण्याने सांडव्याचा नकाशा काढला. वाट सौम्यच आहे, अडतात ते फक्त दोन टप्पे. प्रत्येक टप्प्याखाली दगडांचे पाच-पाच कुंड पायरीसारखे बांधले, एकातलं पाणी दुसऱ्यात पडेल असे, तर मासा उड्या मारत जाईल. कुठला दगड कुठे बसेल हेही ते सांगत होते. भिंतीला धक्का नाही, पाण्याच्या वाटेला अडथळा नाही.

परवानगीचे कागद फिरायला सव्वा वर्ष लागलं. पाटबंधारे खात्याचे एक तरुण अभियंता दोनदा येऊन मापं घेऊन गेले. सांडव्याची पाणी वाहून नेण्याची ताकद कमी होत नाही ना, याची खात्री होईपर्यंत त्यांनी सही केली नाही, आणि ते योग्यच होतं. दोन हजार चोवीसच्या उन्हाळ्यात काम सुरू झालं. पिंपरझिऱ्याच्या लोकांनी श्रमदान केलं, विद्यापीठाने सिमेंटपुरता निधी आणला. अठ्ठावन्न वर्षांचे तोतारामभाऊ पुन्हा हातोडा-छिन्नी घेऊन बसले. सकाळी दूध घालून यायचे, उन्हं उतरेपर्यंत दगड घडवायचे. यावलहून गिरधर नाना दोनदा बसने येऊन सावलीत बसून सूचना देऊन गेले. त्या कुणी पाळल्या नाहीत आणि नानांनीही वाईट वाटून घेतलं नाही.

जुलैच्या शेवटी सांडवा वाहू लागला. पहिले तीन दिवस मासे कुंडांकडे फिरकलेच नाहीत, जुन्या सवयीने खडकावरच आपटत राहिले. तोतारामभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. धार एका बाजूला फार जोरात पडते आहे असं त्यांच्या लक्षात आलं. पाणी थोडं उतरल्यावर त्यांनी कमरेला दोर बांधून दोन दगड इकडचे तिकडे केले. चौथ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला एक खडस पहिल्या कुंडात पडला. तिथे तो इतका वेळ थांबला की बघणाऱ्यांना वाटलं, संपलं. मग दुसऱ्यात, तिसऱ्यात. पाचव्यातून तो वर गेला तेव्हा नूतन पाण्यात उभी होती, आणि तिच्या हातातला कॅमेरा सुरूच नव्हता. पुढच्या महिन्यात तिने एकशे बारा मासे मोजले.

त्यानंतर विद्यापीठाने तोतारामभाऊंना जळगावला बोलावलं. मेहरूणच्या एका हॉलमध्ये त्यांचा सत्कार झाला. भाषण करा म्हणाले तर त्यांनी हात जोडले. भिकुबाई मात्र उठल्या आणि दहा मिनिटं बोलल्या. ते भाषण मी ऐकलं आहे. ते अर्धं म्हशींविषयी होतं आणि टाळ्या त्यालाच जास्त पडल्या.

अलीकडेच शिरपूरकडच्या एका गावाहून निरोप आला. त्यांच्या नदीवर जुना बंधारा आहे आणि तिथेही मासे खाली अडकतात. तिथल्या लोकांचा बेत होता, की मांजणीचे दहा-बारा खडस ड्रममध्ये नेऊन वर सोडावेत. तोतारामभाऊंनी फोनवरच त्यांना केळीच्या बागेपासून सुरुवात करून अर्धा तास समजावलं, की मासे तुमच्याच नदीचे हवेत, मी फक्त दगड बघायला येतो. नूतनचे शब्द आता त्यांच्या बोलीत आले होते आणि अधिक पक्के झाले होते. मग मोटारसायकलवर भिकुबाईंना मागे बसवून ते निघाले. तोतारामभाऊंची सख्खी बहीण त्याच भागात दिलेली, तिचीही भेट होणार होती.

दोन दिवसांचं काम चार दिवसांवर गेलं. मोहिनीने दुकानातून पिशवीचं दूध आणलं. गिरधर नाना चहाला आले, एक घोट घेतला आणि बशी खाली ठेवली. तोताराम कधी येणार म्हणून त्यांनी विचारलं. रविवारी, मी म्हणालो. मग रविवारीच येतो, असं म्हणून नाना उठले.